पिवळा दिवा काय सांगतो?

आपल्यात व्हॅनवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. कोणी शाळेची मुले नेतो, कोणी वऱ्हाड, कोणी केटरिंगचे टोप आणि डेग. या घरांतल्या बायकांना गाडीचा हप्ता कोणत्या तारखेला जातो हे तोंडपाठ असते. पण डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तर तो नेमका काय सांगतोय हे पुष्कळदा चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग एक तर दिव्याकडे दुर्लक्ष होते, नाही तर गॅरेजवाला सांगेल तो आकडा मुकाट्याने द्यावा लागतो. तो आकडा घराच्या महिन्याच्या खर्चापेक्षा मोठा असू शकतो, म्हणून हा विषय या पानावर घेतला.

आधी रंग पाहा. लाल दिवा, म्हणजे ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा, लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचे. तिथे ‘घरापर्यंत जाऊ दे’ चालत नाही. पिवळा दिवा त्या मानाने सबुरीचा आहे. गाडी नीट ओढत असेल, आवाज, धूर, वास वेगळा नसेल, तर बेताने चालवत गॅरेजपर्यंत जाता येते. गाडीने ओढणेच सोडले असेल, तर बहुधा गाडीतल्या संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी स्वतःहून ताकद कमी केलेली असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून तिच्याशी भांडू नये.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाईजानांच्या गाडीचे असेच झाले. भाईजान म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांची सतरा आसनांची डिझेल व्हॅन रत्नागिरी-कोल्हापूर भाड्यावर असते. आंबा घाट चढताना पिवळा दिवा लागला, मागून काळा धूर आला आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. कसेबसे वर पोचल्यावर एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. निदान दोन मिनिटांत झाले, टर्बो गेला. खर्च पंचेचाळीस हजार. पुढच्या आठवड्यात दोन लग्नांची भाडी घेतलेली आणि त्यांचा ॲडव्हान्स घरात खर्चही झालेला. भाईजानांचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच भाभींनी ओळखले की हा नुसता पंक्चरचा मामला नाही.

आम्ही एवढेच विचारले, ‘भाईजान, स्क्रीनवर नंबर कोणता आला?’ नंबर होता पी ०२९९.

हा नंबर समजून घेण्यासारखा आहे. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात स्कॅनर लागतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे स्कॅनर हल्ली हजार रुपयांच्या आसपास मिळतात. कोडमधला ‘पी’ म्हणजे बिघाड इंजिन-गिअरबॉक्सकडचा. त्यानंतर शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी ०२९९ चा अर्थ, टर्बोने जेवढ्या दाबाने हवा इंजिनात पोचायला हवी तेवढ्या दाबाने ती पोचत नाही. अर्थ इथेच संपतो. टर्बो बदला, असे त्यात कुठेही नाही.

आठवीतल्या मुलाला गणितात शंभरपैकी बारा गुण पडले, तर प्रगतिपुस्तक बारा एवढेच सांगते. मुलाला फळा दिसत नाही, घरी भांडणे आहेत, की पाचवीतले अपूर्णांकच राहून गेलेत, हे शोधायचे काम शिक्षकाचे. कोडचेही तसेच. हवेचा दाब कमी पडण्याची कारणे टर्बोखेरीजही बरीच आहेत : चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला पाइप, सैल क्लिप, टर्बो हलवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, चुकीचे माप देणारा सेन्सर. शहाणपण यात आहे की स्वस्त आणि हाताशी असलेले आधी तपासावे, महाग आणि आतले शेवटी. त्या पहिल्या गॅरेजवाल्याची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. टर्बो गेल्यावरही हाच कोड येतो. त्याने घाई केली.

दुसरे उस्ताद साठीच्या पुढचे, स्कॅनर त्यांच्याकडे भाच्याचा. त्यांनी एअर फिल्टर काढून उजेडात धरला, बरा होता. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपावरून हात फिरवला. खालच्या वळणावर तेलकट काजळीचा डाग होता. उभ्या गाडीत तिथे काही कळत नव्हते, कारण चीर दाब आल्याशिवाय उघडत नाही आणि खरा दाब येतो तो घाटात, भरल्या गाडीला. म्हणून त्यांनी फिल्टरकडचे तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हवा अगदी बेताने सोडली आणि पाइपाला साबणाचे पाणी लावले. सायकलची ट्यूब तपासतात तसेच! क्लिपच्या कडेला बोटभर चीर होती, तिथून बुडबुडे आले. हवा जास्त सोडली तर सील जातात, त्यामुळे हे काम माहीतगारानेच करावे.

पाइप, दोन नव्या क्लिपा आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झाले. उस्तादांनी त्यानंतर कोड पुसला, आणि गाडीत माणसे बसवून चढावर नेऊन परत स्कॅन केले. हे शेवटचे काम पुष्कळ जण करत नाहीत. कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. बिघाड राहिला असेल तर दिवा परत लागतोच.

जुन्या ड्रायव्हरांची एक सवय मात्र आता सोडायला हवी. पूर्वी डिझेलमध्ये हवा धरली की चालू इंजिनावर नोझलचा नट सैल करून ती काढत. आताच्या कॉमन रेल इंजिनात त्या नळ्यांमधला दाब हजार बारच्याही वर जातो. टायरमध्ये तो अडीच बारच्या आसपास असतो. अशा दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट निकामी होण्याची वेळ येते. घरात गाडीपाशी लुडबुडणारी तरुण मुले असतील तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांत या दिव्याचे आणखी एक मोठे कारण आले, सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळते. शाळेची व्हॅन सकाळी चार किलोमीटर जाते आणि थांबते; एवढ्यात सायलेन्सर तापतच नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी हायवेवर वीस-तीस मिनिटे सलग चालवावे. काजळी जळत असताना आयडलिंग वाढते, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. तेव्हा चावी काढू नये. ज्या गाड्यांना युरियाचे द्रावण लागते त्यांत ते विकतचेच घालावे. त्याचे प्रमाण साडेबत्तीस टक्के ठरलेले असते आणि पाणी शुद्ध केलेले. खताचा युरिया बादलीत कालवून ओतला तर पुढचा खर्च विचारू नका.

काही जण हा फिल्टर कापून काढतात आणि संगणकाला गप्प बसवून देतात. सेन्सरची कटकट मिटली, म्हणतात. हे कायद्यात बसत नाही. आणि ती काजळी मग शाळेच्या फाटकाशी, आपल्याच मुलांच्या तोंडाच्या उंचीवर सोडली जाते. आम्ही रोज त्या फाटकात उभे असतो.

जुनी व्हॅन घेणाऱ्यांसाठी थोडे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर कोणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलेला असण्याची शक्यता धरा. दुसरे, कोड पुसला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. स्कॅनरवर त्यांतल्या बऱ्याच अपूर्ण दिसल्या, तर विचारा, ‘दिवा नुकताच पुसला का? का पुसला?’ ऐब सांगून विकणारा माणूस या प्रश्नाला रागावत नाही. भाईजान आता कोडचा नंबर, तारीख, किलोमीटर आणि बिल एका वहीत लावून गाडीतच ठेवतात. गाडी विकायची वेळ आली तर वही गाडीबरोबर जाईल, असे त्यांनी भाभींना सांगून ठेवले आहे.