चरित्रपटाचे मोल कशावर ठरवायचे?

चरित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक आणि त्याचे परीक्षण लिहिणारा समीक्षक यांचे एका बाबतीत सहसा एकमत असते. नट त्या थोर व्यक्तीसारखा दिसला का, ही पहिली परीक्षा, आणि आयुष्यातल्या सगळ्या ठळक घटना पडद्यावर आल्या का, ही दुसरी. या दोन्हींत चित्रपट उतरला की संहिता अभ्यासपूर्ण ठरते, दिग्दर्शन संयत ठरते आणि अभिनयाबद्दल तो ‘भूमिका जगला’ असे लिहून आपण मोकळे होतो. ही कसोटी मला चुकीची वाटते. तिच्यावर खरे उतरलेले चित्रपट अनेकदा लेखनात ढिले आणि दिग्दर्शनात निर्विकार असतात. उलट मराठी माणसाच्या आयुष्यावर निघालेले जे थोडे चित्रपट खरोखर मोठे आहेत, त्यांतल्या काहींना ही कसोटी लावताच येत नाही.

रवी जाधव यांचा ‘बालगंधर्व’ हा २०११ सालचा चित्रपट घेऊ. तो मी मुद्दाम घेतो, कारण त्यात कष्टांची कसर नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला तीन मान मिळाले: वेशभूषेसाठी नीता लुल्ला, रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड आणि पार्श्वगायनासाठी आनंद भाटे. तिन्ही पुरस्कार योग्यच होते. पुरस्कार हा काही अंतिम निवाडा नसतो, पण या चित्रपटाचे बळ नेमके कुठे आहे हे ही यादी बरोबर सांगते. शालू, दागिने, नथ, गळा हे सगळे जसे हवे तसे आहे. सुबोध भावे यांनी चालण्यातले आणि मान वळवण्यातले मार्दव मेहनतीने कमावले आहे आणि नाटकाबाहेरच्या प्रसंगांतही ते हलकेसे शिल्लक ठेवले आहे. ही नटाची समज आहे. अडचण पटकथेची आहे. मुलीच्या मृत्यूच्या दिवशीही झालेला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, १९२१ चे केशवराव भोसल्यांबरोबरचे संयुक्त ‘मानापमान’, कर्ज, उतरती कळा, गोहरबाई असा एकामागून एक प्रसंग येतो आणि जातो. प्रत्येक प्रसंग स्वतःपुरता देखणा आहे. एकातून दुसरा मात्र उगवत नाही. मधला एखादा काढून पुढे-मागे केला तरी फारसे बिघडणार नाही. नाटककाराच्या संहितेत हा दोष आपण लगेच दाखवला असता. चरित्रपटात मात्र ‘आयुष्य असेच असते’ या सबबीखाली तो खपून जातो.

बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, आयुष्यात प्रश्न नव्हता असे थोडेच आहे? ज्या पुरुषाची साडी नेसण्याची आणि वेणीत गजरा माळण्याची रीत घरंदाज बायकांनी उचलली, त्याच्या अस्तित्वाचा आधारच एका कृत्रिम रूपावर उभा होता. वय ते रूप हळूहळू हिरावून घेत होते. त्याच सुमारास बोलपट आला आणि नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांकडे जाऊ लागल्या. १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये ते एकनाथांच्या भूमिकेत, पुरुषवेशात, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्या एका चित्रपटानंतर ‘प्रभात’पासून दूर झाले. रूप गेल्यावर कलावंत कोण उरतो, हा प्रश्न इथे उभा आहे. तो धरला असता तर कर्ज, अत्तर, उधळपट्टी, गोहरबाई या सगळ्यांना एका सूत्रात जागा मिळाली असती. चित्रपट या प्रश्नाच्या जवळून जातो आणि नमस्कार करून पुढच्या प्रसंगाकडे वळतो.

आता याच्या समोर श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ ठेवून पाहावा. १९७७ चा हा हिंदी चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे, पण त्यात हंसा वाडकर या नावाची कोणी बाई नाही. तिथे उषा आहे. स्मिता पाटील हंसाबाईंसारख्या दिसतात का, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि तो न विचारल्याने कोणाचे काही अडलेही नाही. बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांच्या पटकथेने आत्मकथनातून एकच धागा उचलला: घरातली आणि नवऱ्याची सगळी माणसे जिच्या कमाईवर जगतात, तिला स्वतःच्या देहावर, वेळेवर, राहत्या जागेवर किती हक्क मिळतो? प्रत्येक पुरुष या प्रश्नाचे नवे उत्तर घेऊन येतो आणि प्रत्येक उत्तर नव्या तऱ्हेने खोटे ठरते. अमोल पालेकरांचा केशव तिच्या पैशावर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. नसीरुद्दीन शाह यांचा सुनील तिच्याशी तत्त्वज्ञान बोलतो, पण वेळ आली की निसटतो. अमरीश पुरींचा काळे तिला ऐसपैस वाडा देतो, गृहिणीचा मान देतो, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा तेवढी देत नाही. त्या वाड्यातून सुटण्यासाठी तिला पुन्हा केशवलाच बोलवावे लागते. ही रचना लेखकाची आहे. घटना आयुष्यातून आल्या असल्या तरी त्यांचा एकमेकींवरचा दाब पटकथेने निर्माण केला आहे.

दिग्दर्शनाचेही तेच. चित्रपटाच्या सुरुवातीला आपण एक नाच पाहतो आणि मग कळते की आपण स्टुडिओत आहोत, चित्रण चालू आहे. म्हणजे आधी भूमिका भेटते, तिच्यातून बाहेर येणारी बाई नंतर. गोविंद निहलानींचे छायाचित्रण वर्तमान रंगीत ठेवते आणि बालपणाकडे जाताना कृष्णधवल होते. त्यामुळे प्रेक्षकाला कालखंड कळतो, शिवाय उषाचे स्वतःबद्दलचे स्मरणही तिने ज्या चित्रसृष्टीत दिवस काढले तिच्याच पोताचे होऊन जाते. स्मिता पाटील यांचे काम या रचनेत नेमके बसते. तेव्हा त्या विशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होत्या आणि त्यांना कित्येक वर्षांचा पट पेलायचा होता. त्यांनी वयाच्या खुणा कमी आणि थकव्याच्या जास्त दाखवल्या. रागावलेली उषा पुढच्याच क्षणी स्वतःच्या रागाला कंटाळलेली दिसते. ती चुकते, खोटे बोलते, मुलीला दुखावते, आणि नटी त्याबद्दल आपल्याकडे सहानुभूती मागत नाही. अभिनयाला दाद द्यायची ती यासाठी.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. नावे बदलली की सगळेच सोपे होते. खऱ्या नावाने चित्रपट काढायचा तर इतिहासाशी इमान हवे. तुम्ही म्हणता तशी निवडीची मोकळीक दिली तर कोणीही उठून कोणाचेही विकृत चित्र रंगवील. या आक्षेपातली काळजी खरी आहे आणि ती मी मान्य करतो. पण हुबेहूबपणा आणि संपूर्णता यांनी सत्याची राखण होते, हे मला मान्य नाही. समीर विद्वांस यांचा २०१९ चा ‘आनंदी गोपाळ’ पाहा. त्यात काळ नेटका उभा केला आहे, भाषा जपली आहे. भाग्यश्री मिलिंद यांनी आनंदीबाईंमधला बदल बोलण्यापेक्षा नजरेतून अधिक दाखवला आहे, आणि ललित प्रभाकर यांनी गोपाळरावांचा हट्टीपणा गोड करण्याचा मोह बऱ्याच ठिकाणी आवरला आहे. तरीही चित्रपटाचा एकूण ओघ एका विलक्षण प्रेमकहाणीकडे वळतो. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत लहानपणी खाल्लेल्या माराची, अंगावर भिरकावलेल्या वस्तूंची आठवण आहे. ते सारे बरे होते की वाईट, हे आपल्याला सांगता येत नाही, अशी त्यांची घालमेलही तिथे आहे. ज्याच्यामुळे आपण शिकलो त्याच्याच हातचा मार आठवणारी, तरीही कृतज्ञ असलेली ही विशीच्या उंबरठ्यावरची स्त्री कोणत्याही लेखकाला आव्हान देणारी होती. तिची लढाई १८८३ च्या प्रवासाने संपली नाही. फिलाडेल्फियात ती स्वतःच्या लेखणीने त्या नात्याचा हिशेब मांडत होती, आणि चित्रपट नेमका तो अमेरिकेचा काळ शेवटच्या भागात आटोपतो. एकही तारीख न चुकवता मोठे सत्य निसटू शकते, ते असे. निवड इथेही झालीच आहे. फक्त ती प्रेक्षकाला न दुखावण्याच्या हेतूने झाली. म्हणून निवड करावी की नाही हा वादच फोल आहे. समीक्षकाने पाहायचे ते एवढेच, की निवड कशासाठी केली आणि तिच्यामुळे अवघड गोष्ट अधिक दिसू लागली की झाकली गेली.

दुसरा आक्षेप सामान्य प्रेक्षकाच्या बाजूने घेतला जातो: नव्या पिढीला या माणसांची माहिती नाही, तेव्हा जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे सांगायलाच हवे. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने त्याचे उत्तर २००९ मध्येच दिले आहे. दादासाहेब फाळके १९४४ पर्यंत जगले. हिंदुस्थान फिल्म कंपनी, नाशिकची वर्षे, बोलपटांच्या काळात त्यांचे मागे पडणे, यांत करुण कथेला हवा तेवढा मालमसाला होता. मोकाशींनी पहिल्या चित्रपटाच्या धडपडीभोवतीची मोजकी वर्षे घेतली आणि ती आनंदाने सांगितली. स्थिर, समोरून धरलेल्या चौकटीत माणसे येतात, धावपळ करतात, निघून जातात. जुन्या मूकपटाची चाल चित्रपटाने स्वतःच्या अंगात भिनवली आहे. घरातले सामान विकले जाते, डोळे अधू होतात, तरी नंदू माधव यांच्या फाळक्यांचे कुतूहल कमी होत नाही, आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्या वेडात तक्रार न करता नव्हे, तर रस घेऊन सामील होतात. हलकेपणामुळे फाळक्यांच्या हालअपेष्टांना न्याय मिळाला नाही, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. नवी कला जन्माला घालणाऱ्या माणसाचा उत्साह दाखवायचा असेल, तर त्याला हुंदक्यांची साथ कशाला हवी?

राहिला श्रद्धेचा मुद्दा. पूज्य माणसावर चित्रपट काढायचा तर त्याच्यावर प्रश्न रोखायचे कसे, असे विचारले जाते. ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पूर्णपणे श्रद्धेतून निघालेला आहे. दामले आणि फत्तेलाल यांच्यासमोर तुकोबांचे खात्रीचे चित्र नव्हते, त्यामुळे विष्णुपंत पागनीस हुबेहूब दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उलट पुढे लोकांच्या मनातले तुकोबा पागनीसांसारखे दिसू लागले. या भक्तिपटाने जिजाईला काय दिले आहे ते पाहावे. गौरीबाईंची जिजाई उपाशी पोरांच्या बाजूने उभी राहते. नवऱ्याच्या देवाला ती शिव्या घालते, आजारी मुलासाठी पायताण घेऊन देवळात शिरते. तिचा प्रत्येक आक्षेप खरा आहे, आणि चित्रपट तो तुकोबांच्या भक्तीइतक्याच जोराने मांडू देतो. पागनीसांची शांती आपल्याला पटते ती या बाईच्या विरोधातून तावून निघाल्यामुळे. आजच्या चरित्रपटांतल्या पत्नी, भाऊ, विरोधक यांना एवढे बळ मिळते का, त्यांच्या तोंडी नायकाला निरुत्तर करणारे एक तरी वाक्य असते का, हे तपासण्यासाठी दाढीमिशी आणि पगडी जुळली का हे पाहण्याची मुळीच गरज पडत नाही.