फोन लॉक आहे, तरी उघडला कसा?
सर्बियात डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी एका विद्यार्थी आंदोलकाचा लॉक असलेला अँड्रॉइड फोन सेलेब्राइटच्या टूलने उघडला, असं अ‍ॅम्नेस्टीने फेब्रुवारी २०२५ मध्ये समोर आणलं. आत शिरायची वाट होती लिनक्स कर्नलमधले यूएसबी ड्रायव्हर्स.

केबल लावली की समोरचं डिव्हाइस सांगतं, 'मी वेबकॅम आहे'. ड्रायव्हर ते खरं मानून त्याने पाठवलेली माहिती वाचतो, स्क्रीन लॉक असली तरी. वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये ही माहिती मोजण्यात चूक होती, थेट २००८ पासून. त्यामुळे ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिता यायचं. ऑडिओच्या ड्रायव्हरमध्येही अशीच गडबड सापडली.

कर्नलमध्ये दुरुस्ती झालीय, पण ती तुमच्यापर्यंत अपडेटमधूनच येते. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. एप्रिल २०२५ च्या आधीची असेल, तर हे दार अजून उघडंच असू शकतं.