वॅरॉकला पायी

"आई, तू चालत काय जातेस? सरळ पोहोच ना!"

परवा आमच्या चिरंजीवांनी माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत विचारलं. रात्रीचे साडेनऊ झाले होते. ओटा पुसून झाला होता, सकाळच्या उसळीचे मूग भिजत घातले होते, आणि मी पलंगाच्या कडेला बसून रूनस्केप नावाच्या खेळात नदीकाठच्या रस्त्याने एकटीच निघाले होते. तिकडे काम काहीच नव्हतं. नेमकं हेच त्याला कळेना.

मैत्रिणींनो, हसू नका. पस्तिशी उलटलेली बाई, सकाळी शाळेत दोन तास मराठी शिकवणारी, आणि रात्री बाहुली चालवते! आमचे 'हे' तर म्हणाले, "मुलाला ओरडायचं कुणी मग?" पण जरा ऐकून तर घ्या.

हा खेळ अँड्र्यू आणि पॉल गॉवर या दोघा भावांनी इंग्लंडात तयार केला आणि ४ जानेवारी २००१ रोजी लोकांसाठी खुला केला. एक मोठा मुलूख, त्यात गावं, जंगलं, वाळवंट, बंदर. तुम्ही तुमच्या घरून, मी माझ्या घरून, आणि हजारो माणसं त्याच मुलखात एकाच वेळी हिंडत असतात. मला तो भेटला २००५ साली, अकरावीला असताना. आमच्या भोईवाड्यातल्या घरी तेव्हा संगणक नव्हता. जवळच्या एका सायबर कॅफेत वीस रुपयांना तास मिळायचा. शनिवारी धाकटा भाऊ आणि मी दहा-दहा रुपये घालायचो आणि अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचो. मी एकटी गेलेली आईला चालत नसे. प्लायवुडचे आडोसे लावलेली ती जागा, आत सगळी मुलगेमंडळी. तिचंही काही चुकत नव्हतं.

खेळाची सुरुवात लंब्रिज नावाच्या छोट्या गावात होते. आणि पहिली कामगिरी काय असावी? गढीतला स्वयंपाकी रडवेला झालेला असतो. सरदारसाहेबांचा वाढदिवस, आणि केकचं सामान नाही! अंडं, बादलीभर दूध आणि पीठ आपण आणून द्यायचं. दूध गायीचं काढायचं. पिठासाठी शेतातला गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली उतरून पीठ भरून घ्यायचं. मी गहू टाकला आणि वरच उभी राहिले, पीठ कुठे येतं ते बघत. भाऊ म्हणाला, "ताई, गिरणीवाला पीठ माळ्यावर देतो का?"

ते झालं, आणि मग मी उत्तरेकडच्या वॅरॉक शहराकडे निघाले. आज मोजलं तर ही वाट पाच मिनिटांचीसुद्धा नाही. मला दोन शनिवार लागले! शहराच्या अलीकडे दगडांचं एक रिंगण आहे, तिथे काळे मांत्रिक फिरत असतात. ते पहिल्याच फटक्यात मला मारायचे. मेलं की पुन्हा लंब्रिज, आणि जवळच्या तीन किमती वस्तू सोडून बाकीचं सामान तिथेच रस्त्यावर. पळायचं म्हटलं तर थोड्या वेळाने दम संपतो, मग चालावंच लागतं. दुसऱ्या शनिवारी कुणी अनोळखी खेळाडू भेटला, त्याने लिहिलं, "माझ्या मागून ये." त्याच्या मागोमाग रिंगणाला वळसा घालून मी शहराच्या वेशीतून आत शिरले. त्याने हात हलवला आणि गेला. कोण होता, कुठल्या देशातला, देव जाणे.

त्या वयात माझं जग केवढं होतं सांगू? इकडे परळ नाका, तिकडे हिंदमाता. दुधाला, दळणाला, क्लासला जायचं आणि परत यायचं. दिवेलागणीनंतर के.ई.एम.च्या फाटकापर्यंत जायचं तरी भाऊ सोबत हवा, आणि तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान! खेळात मात्र "कुठे निघालीस?" असं कुणी विचारत नसे. पूर्वेच्या वाळवंटाच्या फाटकावर दहा नाणी घेतली की पहारेकरी आत सोडी, कारण विचारत नसे. लग्न झालं, मूल झालं, तरी सांगते, आपण बायका आजही कामाशिवाय कुठे जातो? निघालोच आहोत तर कोथिंबीर घेऊन येऊ, असं काहीतरी हातात लागतंच.

पुढे खेळात सोयी वाढत गेल्या. आधी विकणारे-घेणारे बँकेसमोर उभे राहून ओरडायचे, घासाघीस चालायची; २००७च्या अखेरीस वॅरॉकला मोठी पेढी निघाली, भाव टाका आणि माल उचला. २०१२ साली तर गावोगावी शिळा बसवल्या. एकदा तिथे जाऊन शिळा जागी केली की पुढच्या वेळी नकाशावर बोट ठेवायचं, पोहोचलात! त्याच सुमारास, २०११ साली, आमच्याकडे लालबागचा उड्डाणपूल झाला. गाडी भुर्रकन जाते, खोटं कशाला बोलू, दुखणाईत माणूस घेऊन जाताना मीही पुलाला दुवा दिलाय. पण पुलावरून जाताना मध्ये लालबाग लागतच नाही. मिरची कांडल्याचा तो ठसका नाही, चिवडा गल्लीतला वास नाही. दोन टोकं राहतात, मधलं गाव जातं. खेळातही तेच झालं. मुलूख तेवढाच, पण रस्ते ओस.

हे दुःख माझ्या एकटीचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. २०१३च्या फेब्रुवारीत कंपनीने लोकांचं मत घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि ऑगस्ट २००७ची जपून ठेवलेली प्रत काढून जुना खेळ पुन्हा सुरू झाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या मोठ्या खेळानेही २०१९ साली आपलं जुनं रूप असंच परत आणलं. जुना रूनस्केप २०१८पासून मोबाईलवरही आहे. सोयी त्यातही हळूहळू शिरल्यात, पण वाट मोडलेली नाही. आणि एक गंमत! नव्या भागात पाऊल टाकलं की तिथली नवी धून वाजते. कॅफेत कानाला लावायला काही नसायचं, त्यामुळे वॅरॉकची धून मी पहिल्यांदा ऐकली ती लग्नानंतर कितीतरी वर्षांनी.

आता आपल्या कामाचं सांगते. मुलं हा खेळ मागत असतील तर फुकटचा भाग महिनोन्‌महिने पुरतो, पैसे भरायची घाई करू नका. खरं नाव, शाळा, फोन नंबर कुणाला द्यायचा नाही, हे आधी बजावा. आणि "तुझ्या चिलखताला सोनेरी किनार लावून देतो, जरा दे" म्हणणारा भेटला तर देऊ नका. दारावर दागिने उजळून देणारे येतात ना, त्यांचाच हा भाऊबंद. माझ्या भावाचं आख्खं चिलखत असंच गेलं. तो आठवडाभर बोलला नाही.

तर चिरंजीवांना मी म्हटलं, "एक दिवस माझ्यासोबत पायी चल. वाट दाखवणारे व्हिडिओ बघायचे नाहीत." कुरकुरत आला. दक्षिणेच्या बंदरावरून करामजा बेटावर जहाज जातं, भाडं तीस नाणी. साहेब ऐटीत चढले, उतरले, ज्वालामुखी बघून आले. परत यायला निघाले तर खिशात चार नाणी! परतीचं भाडंही तीसच. "आई, दे ना." मी म्हटलं, "बागेत जा."

बेटावर केळीची बाग आहे. दहा केळी तोडून खोक्यात भरली की बागवाला तीस नाणी देतो. बिचारा एकेक झाड शोधत, मोजत बसला. दहा वाजले तरी सात केळी. मीही झोप म्हटलं नाही.

सकाळी पोळी खाता खाता आजीला सगळं सांगत होता. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कुठलं गं हे बेट? अलिबागच्या पुढे?"