टीटीएल एकपासून
इंटरनेट शिकायला पालघर जिल्ह्यातल्या गास गावच्या पोराला प्रयोगशाळा लागत नाही, घरातला संगणक पुरतो. विंडोजवर ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही आज्ञा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाइप करावं, की तिथपर्यंतची वाट दिसते. त्यामागची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो. म्हणून आधी १, मग २, मग ३ असे आकडे लावून पॅकेटं सोडली की राउटर एकामागून एक आपला पत्ता देतात. काही गप्प राहतात, तिथे नुसत्या चांदण्या उमटतात. असं करून पाहणं मोठ्या प्रमाणावरही झालं आहे: आपल्याच जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने खामलोली परिसरातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ लहरींवरून इंटरनेट नेऊन पाहिलं, कारण झाडीतून त्या लहरी वायफायपेक्षा चांगल्या जातात. करून पाहण्याची ही रीत शाळेपर्यंत यायला हवी. नेटवर्कच्या ओएसआय प्रतिमानाचे सात थर पाठ करण्याआधी मुलांनी तीच ‘ट्रेसर्ट’ची आज्ञा एकदा घरच्या वायफायवरून, एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालवावी आणि दोन्ही वाटा कुठे वेगळ्या होतात ते वहीत उतरवावं.