नोकरी गेली, हप्ता थकला. वसुली एजंटाला मर्यादा कोणत्या?

नोकरी गेली की पगार थांबतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग ‘पोलिस घेऊन येतो’ अशा धमक्यांचे फोन सुरू होतात. प्रत्यक्षात केवळ हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एजंटाला थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना त्रास देण्यासही मनाई आहे. मात्र हप्त्यापोटी दिलेला धनादेश न वटल्यास चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ लागू होऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास खटला टळतो. त्यामुळे हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवून कर्जाची फेररचना मागावी. एजंटाविरुद्धच्या तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.