पाण्यावर वसलेली पेठ

नाशकास येणारा यात्रेकरू रामकुंडात स्नान करून, काळारामाचे दर्शन घेऊन पंचवटीतूनच परत फिरतो, आणि गोदेच्या उजव्या तीरावर चढउतारांच्या टेकड्यांवर दाटीने वसलेले मूळ शहर त्याच्या दृष्टीआड राहते, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. मोगली अमलात ज्याचे दफ्तरी नाव गुलशनाबाद होते आणि पेशव्यांच्या ताब्यात आल्यावर ज्यास आपले पहिले नाव परत मिळाले, तेच हे शहर. त्याचे वय मात्र या दोन्ही राजवटींहून कितीतरी जुने. नदीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली सांकलिया आणि देव या विद्वानांनी उत्खनन केले, तेव्हा येथील वस्तीचे थर दोन हजार वर्षांपलीकडे गेल्याचे दिसून आले.

रविवार कारंजावरून मेनरोड सोडून सराफ बाजाराकडे उतरू लागले, की रस्ता आपोआप अरुंद होतो. एका अंगाला सरकारवाड्याच्या काळ्या दगडी पायऱ्या आणि कोरीव लाकडी खांब, दुसऱ्या अंगाला चांदीच्या पेढ्या, पुढे भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या घागरींच्या उतरंडी. दहीपुलावर उभे राहिले तरी पूल काही दिसत नाही. कारण ज्याच्यावर तो बांधला गेला, तो सरस्वती ओढा केव्हाच बंदिस्त होऊन दुकानांच्या आणि रस्त्याच्या पोटातून गोदेस जाऊन मिळतो. जोराचा पाऊस झाला म्हणजे हा ओढा आपला हक्क मागतो. मग सराफ बाजारात पाणी शिरते, दुकानदार माल माळ्यावर चढवितात आणि जो तो महापालिकेच्या नावे बोटे मोडतो. माझ्या मते दोष पावसाचा नाही, आणि केवळ एका खात्याचाही नाही; उताराने वाहणाऱ्या पाण्याची वाट आम्ही सर्वांनी मिळून, पिढ्यान्‌पिढ्या बुजवीत आणली आहे.

जुन्या लोकांना पाण्याचा असा विसर पडत नसे. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी पैलतीरी रामेश्वराचे देवालय बांधले आणि त्याच्या प्राकारावर वसईच्या विजयात मिळालेली घंटा टांगली. त्या घंटेस पाणी लागले म्हणजे महापूर, ही नाशिककरांची मोजणी. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले की गळ्यापर्यंत, हे पाहून काठावरची कुटुंबे आवराआवरीस लागत. १९६९ आणि २००८ च्या पुरांची हकीकत येथील म्हातारी माणसे आजही याच परिमाणांनी सांगतात.

या पेठेने राजकारणही थोडे पाहिलेले नाही. तिळभांडेश्वराच्या गल्लीत सावरकर बंधूंचा मित्रमेळा जमत असे, आणि विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.

परंतु या शहराचे अंतरंग ज्यास पाहावयाचे असेल, त्याने रंगपंचमीस यावे. तिवंधा, दिल्ली दरवाजा, पलीकडे शनिचौक अशा ठिकाणी पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रस्त्याखाली बांधून काढलेले हौद. वर्षभर त्यांवर जाड फळ्या आणि माती असते, वरून वाहने जातात, आणि परक्या माणसास खाली काय आहे याची वार्ताही नसते. रंगपंचमीच्या सुमारास फळ्या निघतात, हौद धुऊन स्वच्छ होतो, फुलांचा रंग उकळून त्यात ओतला जातो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी, शनिचौकाचा गुलाबी. यथासांग पूजा झाल्यावर मानकरी पहिली उडी घेतो आणि मग तालमीतली पोरे, पेढीवरचे शेठ, दूरदेशी नोकरीस गेलेले आणि या एका दिवसाकरिता आवर्जून घरी आलेले चिरंजीव, सारे काठावरून ‘धप्पा’ मारतात. रस्ते उकरून नळ, गटारे, तारा घालण्याची कामे वारंवार निघाली, तरी रहाडीच्या भिंतीस धक्का लागू नये म्हणून गल्लीतली माणसे मजुरांच्या डोक्यावर उभी राहतात, हे मी पाहिले आहे. सरस्वतीच्या ओढ्यास असे राखणदार मिळाले असते, तर सराफ बाजाराचा पावसाळा निराळा गेला असता.