दोन पावसाळ्यांची मुदत

मे महिन्यात गच्चीला ब्रिकबॅट कोबा घालून घ्यायचा, ठेकेदाराकडून ‘दहा वर्षं बघायला नको’ हे ऐकून निर्धास्त व्हायचं आणि पहिल्या मोठ्या सरीलाच छताचा गिलावा फुगलेला पाहायचा, हे पुण्याच्या खडकी बाजारातल्या जुन्या घरांना नवं नाही. फोन केला की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: पाऊस थांबू द्या, येऊन बघतो. पाऊस थांबतो. तो येत नाही. पुढच्या जूनमध्ये तेच संभाषण.

इथेच घरमालकाचं खरं नुकसान होतं. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, म्हणजे जेमतेम दोन पावसाळे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. पण ‘येतो म्हणाला होता’ हे कारण सबळ ठरेलच, याची खात्री नाही.

बरेच जण आधी ‘रेरा’चं नाव घेतात. २०१६च्या त्या स्थावर संपदा कायद्याचं कलम १४ खरोखर दमदार आहे: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक. मात्र हे फ्लॅट विकणाऱ्या प्रवर्तकासाठी. स्वतःच्या घराला स्वतः लावलेला ठेकेदार या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

त्याला गाठायचं ते ग्राहक आयोगात. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ मानली आणि निकृष्ट माल वापरणारा बिल्डर किंवा कंत्राटदार ग्राहकाला उत्तरदायी ठरवला. निकालाची तारीख ५ नोव्हेंबर १९९३. खडकीची लढाईही ५ नोव्हेंबरचीच, १८१७ सालची. योगायोगच, पण खडकीकरांना तारीख पाठ करावी लागणार नाही.

ठेकेदाराला दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली, त्यामुळे परगावच्या ठेकेदारामागे धावावं लागत नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तिथला माणूस आजही आयोगाची पायरी चढायला कचरतो, हे जरा नवलच.

एक फट मात्र आहे. वैयक्तिक सेवेचा करार या कायद्यातून वगळलेला आहे. सिमेंट-वाळू स्वतः आणून, स्वतः उभं राहून रोजंदारीवर गवंड्याकडून काम करून घेतलं असेल, तर आयोगापुढे टिकणं अवघड. तिथे दिवाणी दावा उरतो. त्याची मुदत साधारण ३ वर्षं, आणि तो किती चालेल ते विचारू नये.

आयोगात प्रकरण अडतं ते बहुधा पुराव्यावर. कोटेशन वहीच्या पानावर, पैसे रोख, पावती नाही. त्यात गळती असह्य झाली की दुसरा ठेकेदार बोलावून कोबा उखडला जातो आणि पहिल्याच्या कामाचा पुरावाच मलब्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये जातो. उखडण्याआधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून ढाळ, भेगा, ओल यांचा लेखी अहवाल, तारखेसह फोटो आणि ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस एवढं केलं तरी प्रकरण उभं राहतं. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद पावतीच्या कामी येते.

खडकीत आणखी एक पेच आहे. पलीकडे बोपोडीत महापालिका, इकडे कॅन्टोन्मेंट बोर्ड. घर वाढवायचं किंवा त्यात मोठा फेरफार करायचा तर बोर्डाची मंजुरी लागते. ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणणारा ठेकेदार पोटमाळा चढवून पैसे घेऊन जातो. मंजुरी नसेल तर २००६च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली बांधकाम थांबवण्याची किंवा पाडण्याची नोटीस येते ती मालकाच्या, भाडेकरूच्या किंवा तिथे राहणाऱ्याच्या नावाने. म्हणून मंजुरी कोण आणणार आणि ती हातात पडेपर्यंत किती पैसे रोखून धरायचे, हे पहिला ॲडव्हान्स देतानाच कागदावर यायला हवं.